निरंक

महिन्याच्या पाच तारखेला अहवाल वर जातो.
उपकेंद्रं सहा, रकाने एक्केचाळीस,
त्यात शेवटाकडं कुठंतरी
सर्पदंश मृत्यू : निरंक.
तीन वर्षं हा शब्द मीच टंकते आहे.
अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस खंड, मग पुन्हा निरंक.
बोटांना पाठ झालाय,
डोळ्यांना विचारावं लागत नाही.

पलूसहून ताकारीकडं जाताना
दोन्ही अंगांना उसाचे फड,
बांधाला टोळीच्या कोप्या, पाचटावर अंथरलेली पोती.
मण्यार रात्री येते, उबेला.
चावते तेव्हा कळतही नाही म्हणतात.
पहाटे पोटात कळ येते, पापण्या उचलत नाहीत,
आणि मुकादम म्हणतो,
पित्त आसंल, लिंबू द्या.

जानेवारीत फ्रीजमधल्या कुप्या मोजल्या.
साठ्याच्या वहीत चौदा कमी.
रुग्णांच्या वहीत साप चावलेलं माणूस एकही नाही.
औषधं सांभाळणारे बंडगर म्हणाले, जुळवून टाका मॅडम.
त्यांच्या टेबलावर पांढऱ्या शाईची बाटली होती,
टोपण उघडंच.

मी जुळवायला बसले.

रुग्णवाहिकेची वही :
एकोणीस डिसेंबर, पहाटे चार चाळीस, स्त्री, चक्कर.
आमची वही, रात्रपाळीच्या सिस्टरचं अक्षर :
रुक्मीन खाडे, अठ्ठावीस, अशक्तपणा, पुढे पाठवले.
सांगलीच्या सिव्हिलची चिठ्ठी :
रुख्मिणी बाबुराव, पस्तीस, श्वास बंद पडून.
इथल्या ग्रामपंचायतीत नोंद नाही,
ती इथली नव्हती.
तिच्या गावाला फोन केला.
ग्रामसेवक म्हणाले, इथं कुठं मेलीय ती?

एक बाई
तीन वह्यांत तीन वयांची,
आणि दोन गावांत जिवंत.

शेवंता आशाताईला बोलावलं.
पिशवीतनं तिनं पोराची जुनी वही काढली,
पुढून पाढे, मागून माणसं.
"रखमा ती. रुक्मीन न्हवं, रुख्मिणी तर न्हवंच.
तिच्या लेकराला मीच पोलिओ पाजला.
दोन दात दिसत हुते घोट्याला, सिस्टरला दावलं बी."
तिनं पान उलटलं.
रखमाच्या वर आणखी सात नावं,
कुणापुढं फुली, कुणापुढं 'आली परत',
एकापुढं नुसतं 'मांत्रिक'.
मग दिलं का नाही कधी?
"कुणी मागितलंच न्हाई.
आन् लिवायचं कुटं? तुमच्या कागदात फडाला घर न्हाई."

खरंच नव्हतं.
संगणक म्हणाला, गाव निवडा.
गावांच्या यादीत कोपी नव्हती.
घर क्रमांक भरल्याशिवाय
तो मला पुढं सोडेना.
मी गट नंबर टाकला, शेतमालकाचं नाव टाकलं,
शेरा म्हणून 'विहिरीच्या वरच्या अंगाला',
आणि वयासमोर अठ्ठावीस, कारण शेवंता म्हणाली
लेकीपेक्षा तेरा वर्षांनी मोठी हुती,
आन् लेक पंधराची.
हिशेब जुळला तेव्हा मला बरं वाटलं नाही.

त्या महिन्यात निरंकच्या जागी एक गेला.
पुढच्या महिन्यात, मागच्या तारखांसह, पाच.
तालुक्याहून फोन आला.
"तुमच्याकडं एकदम साप कसे वाढले?"
साप तेवढेच आहेत, सर.
पलीकडं जरा वेळ काही ऐकू आलं नाही,
मग म्हणाले, असं करा, खुलासा लेखी द्या.

तो लिहितेय.
चौदातल्या दहा रखमाच्या नावावर लागल्या.
चार राहतात.
चार कुप्यांनी विष उतरत नाही,
एवढं आता मलाही कळतं.
कुणालातरी चार दिल्या,
आणि मग तो उठून गेला, किंवा कुणी उचलून नेला,
कुठल्या रस्त्यानं, कुठल्या वहीकडं.

बंडगर विचारतात, जुळलं का?
शेवंता फडाकडं गेलीय, पाढ्यांची वही घेऊन.
मी पांढऱ्या शाईचं टोपण लावते.